केस गळताहेत? आधी कालनिर्णयाची तीन पानं मागे उलटा

डिसेंबर उजाडला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर केसांच्या तक्रारी वाढतात. दुकान इंदूरच्या पश्चिमेला, मराठी वस्तीच्या भागात. त्यामुळे काकू, वहिनी, कॉलेजातल्या मुली, सगळ्याच येतात. पुरुष गिऱ्हाईक दारातूनच ओरडून सांगतं, "भिया, बाल झड़ रहे हैं, कुछ दो." बायका दुकान रिकामं व्हायची वाट बघतात. आधी खोकल्याचं औषध मागतात, मग बँडेज, आणि शेवटी पर्समधून घडी घातलेली प्लास्टिकची पिशवी काढून हळूच काउंटरवर ठेवतात. आत सकाळी विंचरताना निघालेला गुंता असतो.

थंडीमुळे होतंय, असं बहुतेकींना वाटतं. मी विचारते, "सप्टेंबरात ताप आला होता का?" नव्यानं आलेली बाई दचकते. आला होता. कुणाला डेंग्यू, कुणाला टायफॉइड.

औषध विकणाऱ्या माणसानं हे सांगणं धंद्याच्या दृष्टीनं बरोबर नाही, तरी सांगते: तेल, शाम्पू किंवा गोळी घ्यायच्या आधी तुमचे केस कोणत्या कारणानं जाताहेत ते शोधा. कारणं बरीच आहेत, उपाय वेगवेगळे आहेत, आणि एकीचा उपाय दुसरीला नुसता खर्चात पाडतो. रोगनिदान डॉक्टरच करतील. पण त्यांच्यापर्यंत जाताना हातात काय न्यायचं आणि तिथून परतल्यावर काय सांभाळायचं, ते इथे लिहिते आहे.

केस तीन महिने उशिरा गळतात

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. एक केस 2 ते 6 वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, त्यानंतर दोन-तीन महिने तो मुळाशी नुसता अडकून असतो आणि मग गळतो. त्याच जागी नवा उगवतो. एका वेळी दहातले जवळजवळ नऊ केस वाढत असतात, उरलेले निघायच्या तयारीत. म्हणून रोज 50 ते 100 केस जाणं हा शरीराचा रोजचा कारभार आहे. ज्यांचे केस कमरेपर्यंत आहेत त्यांचा गुंता मोठा दिसतो, संख्या तेवढीच असते.

शरीराला मोठा धक्का बसला की वाढणाऱ्या केसांपैकी पुष्कळसे एकदम काम थांबवतात. पण लगेच पडत नाहीत, दोन-तीन महिने अडकून राहतात आणि मग सगळे मिळून निघतात. तोवर आपण ताप विसरलेलो असतो आणि दोष जातो नव्या शाम्पूला.

म्हणून पहिलं काम घरीच करा. भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि गळती ज्या महिन्यात सुरू झाली तिथून तीन पानं मागे जा. वर्ष बदललं असेल तर जुनं शोधा. आपल्या घरांत त्यावर दुधाचा हिशोब, गॅसची तारीख, पाळीची खूण सगळं असतंच. इथे ते कामाला येतं. तीन-चार महिन्यांपूर्वी पुढचं काही घडलं होतं का, ते कागदावर उतरवा: तीन-चार दिवसांहून जास्त टिकलेला ताप, ऑपरेशन, बाळंतपण, गर्भपात, अपघात, घरातला मृत्यू, कडक डाएट किंवा वजन झपाट्यानं उतरवणारी इंजेक्शनं, एखादी गोळी नव्यानं सुरू झाली किंवा बंद केली. गर्भनिरोधक गोळ्या थांबवल्यावरही केस गळतात, फिटच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांनीही. (म्हणून फिटची किंवा रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. केस परत येतात. फिट आली तर काय होईल ते सांगता येत नाही.)

कारण सापडलं, ते संपलेलं असलं, आणि गळती सगळ्या डोक्यावरून सारखी असली, तर बहुतेक वेळा तीन ते सहा महिन्यांत ती आपोआप ओसरते. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे वेणी पुन्हा भरायला वर्ष-दीड वर्ष लागतं. कपाळाच्या कडेला आखूड, टोकदार, ताठ उभे राहणारे केस दिसू लागले की नवी फळी आली समजा. बाळंतपणानंतरची गळती साधारण दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सुरू होते आणि बाळ वर्षाचं होईतो बहुधा आटोक्यात येते. गरोदरपणात जे केस गळायचे राहिलेले असतात तेच तेव्हा जातात. "बाळ हसायला लागलं की आईचे केस गळतात" असं जुन्या बायका म्हणतात. महिने बरोबर जुळतात, बाळाच्या हसण्याचा त्यात काही संबंध नाही.

गळतात, तुटतात की विरळ होतात?

दुसरं काम उजेडात बसून. गळलेले चार-पाच केस पांढऱ्या कागदावर ठेवा आणि टोकं बघा. एका टोकाला पांढरा बारीक मणी दिसला तर केस मुळापासून गळला आहे. तो मणी म्हणजे मूळ उपटलं असं समजून बायका घाबरतात. मूळ कातडीतच राहतं. मणी नाही, लांबी कमी-जास्त, टोक फाटलेलं, तर केस मधूनच तुटतो आहे. तुटण्याचं कारण डोक्याबाहेर शोधायचं: स्ट्रेटनर, स्मूदनिंग, ब्लीच, ओले केस ओढून विंचरणं.

तिसरी शक्यता अशी की गुंता फारसा निघत नाही, पण भांग रुंद होत चालला आहे, वेणी बारीक झाली आहे, रबर पूर्वी दोनदा गुंडाळायचा तो आता चारदा लागतो. हे वर्षानुवर्षं हळूहळू होतं आणि सगळ्यात उशिरा लक्षात येतं.

भांगाचा फोटो काढा. खिडकीसमोर, केस कोरडे, भांग मधोमध, मोबाइल वरून धरलेला, काढायला घरातलं कुणीतरी. महिन्यातून एकदा, त्याच जागी. रोज नको. आरशावर आणि आठवणीवर विश्वास ठेवण्यापेक्षा हे फोटो डॉक्टरांच्या जास्त उपयोगी पडतात.

साधारण कोणते प्रकार दिसतात

वरची तापानंतरची गळती हा सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात कमी काळजीचा प्रकार. सहा महिने उलटूनही ती थांबत नसेल तर आत काही चालू आहे असं धरायचं: लोह कमी, थायरॉइड बिघडलेलं, जेवण अपुरं.

भांग रुंदावणारा प्रकार आनुवंशिक असतो, आईकडून किंवा वडिलांकडून. बायकांमध्ये पुढची कपाळाची रेघ बहुतेक तशीच राहते आणि माथा विरळ होतो, त्यामुळे पुरुषांसारखं टक्कल पडत नाही. 1977 मध्ये लुडविग या डॉक्टरांनी त्याचे तीन टप्पे पाडले. आजही डॉक्टर केसपेपरवर तेच लिहितात. पाळी जायच्या सुमारास तो उठून दिसतो, पण विशीतही सुरू होऊ शकतो. विशीतल्या मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, मुरमं जात नसतील, तर पीसीओएसची (बीजांडकोश आणि हार्मोन्सच्या बिघाडाची) तपासणी करून घ्यावी. हा प्रकार आपोआप थांबत नाही. उपचार जितका लवकर तितकं जास्त वाचतं.

चाई ओळखायला सोपी. रुपयाएवढा गुळगुळीत गोल चट्टा, कातडी अगदी निरोगी. शरीराची संरक्षण यंत्रणाच केसांच्या मुळांवर उलटते त्यामुळे हे होतं. किडा लागल्यामुळे नाही, आणि हा रोग एकीचा दुसरीला होत नाही. चट्ट्यावर लसूण किंवा कांदा चोळून कातडी भाजून घेतलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. छोटी चाई कित्येकदा वर्षभरात आपली आपण भरते. डॉक्टर चट्ट्यात चार-सहा आठवड्यांच्या अंतरानं स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात, त्यानं लवकर भरते. चट्टे वाढत असतील, भुवया-पापण्या जात असतील, तर वाट बघू नका. मोठ्या प्रमाणावरच्या चाईसाठी आता नवी औषधं आली आहेत. बॅरिसिटिनिब या गोळीला 2022 मध्ये अमेरिकेत त्यासाठी मान्यता मिळाली. ती महाग आहे आणि रक्ताच्या तपासण्या करत राहूनच घ्यायची असते.

ओढल्यामुळे जाणारे केस कानशिलांवरून आणि कपाळाच्या कडेनं जातात. घट्ट अंबाडा, ताणून बांधलेली पोनी, वर जड गंगावन, नाचाच्या क्लासचा रोजचा खोपा. बांधल्यावर डोकं ठणकत असेल किंवा कातडीवर बारीक पुटकुळ्या येत असतील तर बांधणी चुकली आहे. वेळेवर सैल केलं तर केस परत येतात. वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर मूळच मरतं.

आणि एक प्रकार असा, ज्याला थांबून चालत नाही. कातडी लाल, खाज, जळजळ, दुखणं, आणि मग चकचकीत सपाट डाग, ज्यावर केसांची छिद्रंसुद्धा दिसत नाहीत. पाळी गेल्यानंतर काही जणींची कपाळाची रेघ पट्ट्यासारखी मागे सरकते आणि भुवया विरळ होतात, तेही यातच. यात मुळाच्या जागी व्रण तयार होतो. गेलेला केस परत येत नाही, उपचारानं राहिलेले वाचवता येतात. असं काही दिसलं तर तेल-पाणी सगळं सोडा आणि त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

कधी कधी हात नकळत केसांकडे जातो आणि एकेक केस उपटला जातो, विशेषतः अभ्यास करताना किंवा टीव्हीसमोर. चट्टा वेडावाकडा, केस आखूड-लांब. घरचे रागावतात. रागावून ते थांबत नाही. तो मनाचा एक आजार आहे आणि सवय बदलण्याची त्याची वेगळी थेरपी असते.

रक्त तपासायला जाताना

पन्नास तपासण्यांचं "हेअर पॅकेज" घेऊ नका. सुरुवातीला हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी). बी-12 आणि डी ही जीवनसत्त्वं डॉक्टर बहुतेक जोडतात. हार्मोन्सच्या तपासण्या पाळीचा गोंधळ असेल तरच.

फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा तळाला गेलेला असू शकतो, आणि रिपोर्टवर "नॉर्मल" छापलेलं असतं कारण लॅबची खालची मर्यादा फार खाली असते. केसांच्या बाबतीत बरेच डॉक्टर तो किमान 30-40 नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या वर असावा असं धरतात. ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं, म्हणून आजारातून उठल्या उठल्या ही तपासणी करू नका.

केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबला सांगा. त्यानं थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. हे काउंटरवर कुणी सांगत नाही. दिवसाला 30 मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं आणि ते जेवणातून मिळतं. बाजारातल्या गोळीत 10,000 मायक्रोग्रॅम असतं. ज्यांच्यात कमतरता नाही त्यांना त्याचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही. मल्टिव्हिटॅमिन दोन-दोन घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की जीवनसत्त्व अ आणि सेलेनियम जास्त झालं तरीही केस गळतात.

लोह, चहा आणि उपास

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणजे घरात दोघी असल्या तर एकीला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. तरी आपण मूळ कारण तेलाच्या बाटलीत शोधतो.

लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर किंवा संत्र्याबरोबर घ्या. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तास लांब. थायरॉइडची गोळी पहाटे रिकाम्या पोटी घेत असाल तर लोह त्यानंतर चार तासांनी. शौच काळं होतं, घाबरू नका. पोट बिघडत असेल तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्या. बंद करू नका. हिमोग्लोबिन वर आल्यावरही साठा भरायला आणखी काही महिने गोळी लागते. बहुतेक जणी इथेच सोडतात.

इंदुरी नाश्त्याचा इथे थोडा संबंध येतो. पोह्यांवर लिंबू पिळतो ते उत्तमच, त्यानं लोह अंगी लागतं. पण लगेच वर कडक चहा घेतला की त्यातलं बरंचसं अडतं. चहा तासाभरानं घ्या. हे सांगितल्यावर मला आजवर एकाही बाईनं "बरं" म्हटलेलं नाही, सगळ्या हसतात.

पाळीत अंगावरून खूप जात असेल तर गोळ्या घेऊन भागत नाही. बादलीला भोक ठेवून पाणी भरण्यासारखं ते आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ आधी. पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी निघालं तर ते पोटातून, आतड्यातून कुठे जातंय का हे तपासावंच लागतं, केसांचा विषय मग.

प्रथिनांचं गणित साधं आहे. 55 किलोच्या बाईला दिवसाला साधारण 45 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका वाटी वरणातून त्यातले पाच-सात मिळतात. चतुर्थी, सोमवार, श्रावण, नवरात्र, आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी: साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, जी काही मिळतात ती शेंगदाण्याच्या कुटातून. उपास करू नका असं मी म्हणत नाही. खिचडीबरोबर वाटीभर दही, पनीर, राजगिरा, दूध असू द्या. घरात सगळ्यांत शेवटी बसून उरलेली भाजी खाणारी बाई तर रोजच अर्धा उपास करत असते.

डॉक्टर कोण, आणि जाताना काय न्यायचं

त्वचारोगतज्ज्ञ. "हेअर क्लिनिक" म्हणून पाटी असलेल्या ठिकाणी तपासणारा माणूस त्वचारोगातला एमडी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल आहे का ते बघा. पॅकेज विकणारी काउन्सेलर म्हणजे डॉक्टर नव्हे. पैशांची अडचण असेल तर इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयात चर्मरोगाची ओपीडी आहे. गर्दी असते, सकाळी लवकर जा.

कालनिर्णयाचा कागद, फोटो, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप्स बरोबर घ्या. होमिओपॅथीच्या, आयुर्वेदिक, "सासूबाईंनी दिलेल्या" पुड्याही. आदल्या दिवशी डोकं धुऊ नका, तेल लावू नका, टचअप किंवा विरळ भाग झाकायची फायबर पावडर तर नकोच. डॉक्टर 50-60 केसांची बट चिमटीत धरून हलकेच ओढतात. सहाहून जास्त हातात आले तर गळती चालू आहे. मग डर्मोस्कोप म्हणजे उजेड असलेलं भिंग डोक्यावर धरून बघतात. कारण पक्कं होत नसेल किंवा व्रणाची शंका असेल तर कातडीचा चार मिलीमीटरचा तुकडा घेऊन बायोप्सी. नाव ऐकून घाबरू नका, ती जागा बधिर करून करतात.

पीआरपी करावं का, असं बऱ्याच जणी विचारतात. आपलंच रक्त फिरवून त्यातला भाग डोक्यात टोचतात. आनुवंशिक प्रकारात काहींना फायदा होतो, अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. तापानंतरच्या गळतीत त्यावर पैसे घालायचं कारण नाही. ती तशीही थांबणार असते आणि श्रेय सुईला मिळतं.

मिनॉक्सिडिल: बाटली उघडण्याआधी

हे औषध मुळात रक्तदाबाची गोळी होती. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा डोक्याला लावायचं औषध तयार झालं. बायकांच्या आनुवंशिक विरळपणात सगळ्यात जास्त पुरावा याच औषधाचा आहे. सगळ्यात जास्त चुकाही याच्याच वापरात होतात.

बाटलीवरचं पूर्ण नाव वाचा. आपल्याकडे मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड (पुरुषांच्या टकलावरचं औषध) एकत्र असलेल्या बाटल्या सर्रास मिळतात, नावाच्या शेवटी "एफ" असतं. नवऱ्याची तीच बाटली बायको लावते, हे मी दर महिन्याला ऐकते. मूल होण्याच्या वयातल्या बाईनं फिनास्टेराइडपासून लांब राहायचं. मुलग्याचा गर्भ असेल तर त्याच्या जननेंद्रियाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. नुसतं मिनॉक्सिडिलही गरोदरपणात आणि अंगावर पाजताना लावायचं नाही. बाळ हवं असेल तर आधीच डॉक्टरांना सांगा.

2 टक्क्यांचं असेल तर एक मिली सकाळ-संध्याकाळ, 5 टक्क्यांचा फोम असेल तर बहुधा दिवसातून एकदाच. डॉक्टरांनी जे लिहिलं तेच. डोकं कोरडं हवं. भांग पाडायचा, थेंब कातडीवर सोडायचे, बोटानं पसरायचे, पुढचा भांग. केसांना चोपडलेलं औषध वाया जातं. हात लगेच धुवा. चार तास डोकं धुऊ नका, आणि झोपायच्या निदान दोन तास आधी लावा. नाहीतर ते उशीवरून गालाला लागतं आणि गालावर लव येते. घरात मांजर असेल तर फारच जपा, मांजराला हे औषध विषारी आहे. खाज, कोंड्यासारखे पापुद्रे सुटले तर बहुधा द्रवातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलमुळे. फोममध्ये ते नसतं.

पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत गळती वाढते. जुने केस ढकलून नवे येत असतात. निम्म्या बाटल्या इथेच कचऱ्यात जातात. सहा महिन्यांआधी निकाल बघू नका, तोही फोटो शेजारी ठेवून. आणि सुरू करण्याआधी हे माहीत असू द्या की बंद केल्यावर तीन-चार महिन्यांत कमावलेले केस जातात. म्हणजे वर्षानुवर्षांचा खर्च. पहिली बाटली घेतानाच त्याचा हिशोब करा. छातीत धडधड, चक्कर, पाय सुजणं असं झालं तर थांबवून डॉक्टरांकडे.

स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी) किंवा मिनॉक्सिडिलची कमी डोसची गोळीही काही जणींना देतात. त्या डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्याव्यात, मैत्रिणीच्या प्रिस्क्रिप्शनवर नको.

तेल, पाणी, हेल्मेट

खोबरेल तेलानं केसाचं झिजणं-तुटणं कमी होतं. नवा केस उगवत नाही, जास्वंद-माका घालून उकळलं तरी. आवडत असेल तर धुण्याआधी तासभर लावा. कोंडा आणि खाज असताना तेल लावून रात्रभर ठेवलं तर कोंडा वाढतो. त्यावर केटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटं ठेवून धुवायचा, महिनाभर.

जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी चांगलं आणि बोरिंगचं आलं की केस जातात, असं अर्धं इंदूर मानतं. बोरिंगच्या जड पाण्यानं केस राठ होतात, तुटतात. मुळापासून गळत नाहीत. शेवटचा तांब्या आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचा घेऊ नका, ते आणखी जड असतं. हेल्मेटनं केस गळत नाहीत. आत सुती रुमाल बांधा, तो रोज धुवा, आणि हेल्मेट घाला.

केस जातील या भीतीनं आठ-आठ दिवस डोकं न धुणाऱ्या पुष्कळ आहेत. निघायचे केस तोवर साठतात आणि धुतल्या दिवशी एकदम न्हाणीघराच्या जाळीवर दिसतात, भीती दुप्पट होते. दोन-तीन दिवसांआड धुवा.

मनाचं काय

काउंटरवर पिशवी ठेवताना बाईचा आवाज का उतरतो, ते समजून घ्यायला हवं. आपल्याकडे बाईचे केस तिचे एकटीचे कधी नव्हतेच. लांब केस म्हणजे घरंदाजपणा, अंबाड्यातला गजरा म्हणजे सौभाग्य, आणि नवरा गेला की केशवपन. ते करायला नकार द्यावा म्हणून 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या नाभिकांनी संप केला होता. म्हणजे चार-पाच पिढ्यांपूर्वीपर्यंत केस काढून घेणं ही शिक्षा होती. रीत गेली, धसका राहिला. हळदीकुंकवाला कुणी "अगं, किती गेले केस!" म्हटलं की बाई घरी येऊन रडते, आणि एवढ्याशा गोष्टीला रडले म्हणून स्वतःवरच चिडते.

ही एवढीशी गोष्ट नाही. केस गळणाऱ्या बायकांमध्ये चिंता आणि नैराश्य जास्त आढळतं, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. रक्ताचे रिपोर्ट चांगले आले म्हणून "काही झालेलं नाही" असं घरच्यांनी म्हणू नये. चाई पडलेली मुलगी कॉलेज बुडवते, बघण्याचा कार्यक्रम पुढे ढकलायला लावते, भर उन्हाळ्यात ओढणी काढत नाही. त्यावर "लग्न कसं होणार" ही आईची काळजी तिला रोज ऐकू येत असते, आई बोलली नाही तरी.

काही गोष्टींनी खरंच फरक पडतो. गळलेले केस मोजणं बंद करा. फोटो महिन्यातून एकदा, पुरे. रीलवरचे आधी-नंतरचे व्हिडिओ बंद करा, त्यातला प्रकाशसुद्धा वेगळा असतो. घरातल्या एका माणसाला सगळं सांगा, शक्यतो नवऱ्याला, आणि त्याच्याकडून नेमकं काय हवं तेही सांगा: फोटो काढायला मदत, डॉक्टरांकडे सोबत, आणि जेवताना सगळ्यांसमोर ताटात केस सापडला तर गप्प राहणं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे.

टोचून बोलणाऱ्यांसाठी एक वाक्य तयार ठेवा. "हो, उपचार चालू आहेत. तुम्ही कशा आहात?" खुलासा देत बसू नका. एकदा खुलासा दिला की पुढे कांद्याचा रस, वडाच्या पारंब्या आणि कुणाच्या तरी जावेचे बाबा येतात.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली, जेवण जात नाही, लोकांत जावंसं वाटत नाही, कशातच मन लागत नाही, तर केसांच्या डॉक्टरबरोबर मनाच्या डॉक्टरकडेही जा. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी. सरकारची टेली मानस हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आहे.

कॅन्सरची केमो सुरू होणार असेल तर प्रकरण वेगळं. बऱ्याच औषधांनी दोन-तीन आठवड्यांतच केस जातात, कधी भुवयाही, आणि उपचार संपल्यावर काही महिन्यांत परत येतात. सुरुवातीला पोत वेगळा असू शकतो. आधीच केस आखूड कापून घेतले तर उशीवर पुंजके बघावे लागत नाहीत. घरात लहान मुलं असतील तर त्यांना अगोदर सांगून ठेवा.

बाहेर जायचं तर

उपचार चालू असताना लपवणं यात लाज काही नाही. मधला भांग सोडून तिरका किंवा नागमोडी पाडा. खांद्यापर्यंत कापलेले केस लांब केसांपेक्षा दाट दिसतात. भांगात केसांच्या रंगाची फायबर पावडर भुरभुरली तर लग्नाच्या फोटोत कळतही नाही. रात्री धुऊन टाका. मिनॉक्सिडिल आधी लावून पूर्ण वाळू द्या, पावडर त्यानंतर.

माथा जास्त विरळ असेल तर टॉपर, म्हणजे माथ्यावर क्लिपांनी लावायचा केसांचा तुकडा, मिळतो. खऱ्या केसांचा महाग, पण गरम हवा सोसतो; कृत्रिम स्वस्त, आणि इस्त्रीजवळ वितळतो. क्लिपा रोज त्याच जागी लावू नका, तिथले केस ओढून जातात. घरी आल्या आल्या काढा, डोक्याला हवा लागू द्या. आणि रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, इंदूरच्या राजवाड्यावर तो घालून जाऊ नका. टँकरमधून उडणारं रंगीत पाणी एकदा मुरलं की तो पहिल्यासारखा होत नाही. त्या दिवशी साधा स्कार्फ.